गणिताच्या जागी भूगोल

त्रिंबकरावांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली तीन गोष्टी होत्या. एक कपिलधारच्या मन्मथस्वामींचा फोटो, एक त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंच्या चष्म्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि एक वर्तमानपत्राचं कात्रण. फोटोला ते सकाळी हात जोडत. चिठ्ठी सहा वर्षं तशीच पडून होती आणि वत्सलाबाई जुन्याच चष्म्यानं ज्वारी निवडत होत्या. कात्रणावर मात्र दिवसातून दहा वेळा टिचकी बसायची.

पालीच्या पुढं चार-पाच किलोमीटरवरच्या त्या गावात कनिष्ठ महाविद्यालय आहे म्हटलं की बीडची माणसं हसतात. पण आहे. सहा खोल्या, एक कडुनिंब, चार शिक्षक आणि त्रिंबकराव. प्राचार्य तीन झाले, अध्यक्ष दोन झाले, कडुनिंबाची मोठी फांदी लाइटवाल्यांनी तोडून नेली. त्रिंबकराव क्लार्क होते ते क्लार्कच राहिले. गावात मात्र त्यांना ‘विषयवाले काका’ म्हणत. अकरावी सायन्सला कोणते विषय घ्यायचे हे पोरानं ठरवायचं नाही, बापानं नाही, मास्तरनंही नाही. ते त्रिंबकरावांनी ठरवायचं, आणि त्यांचं आधीच ठरलेलं असायचं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, आणि गणिताच्या जागी भूगोल.

“गणित घेऊन कावून डोकं फोडून घ्यायलास बे? भूगोलात नुसता नकाशा रंगवला तरी मार्क हायेत.”

गल्ली त्यांची चेष्टा करायची. पंगतीत पानं मोजायला त्रिंबकला बसवू नका, अर्धं वऱ्हाड उपाशी उठंल, असं वत्सलाबाईंच्या देखत बोललं जाई आणि त्याही पदर तोंडाला लावून हसत. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. हा माणूस बारावीच्या गणितात तीनदा नापास झाला होता. पहिल्यांदा अकरा मार्कांनी, दुसऱ्यांदा सात, तिसऱ्यांदा पुन्हा अकरा. तिसऱ्या निकालाच्या दिवशी तो घरी आलाच नाही. पायी कपिलधारला गेला आणि दोन रात्री देवळाच्या ओसरीत झोपला. जूनचा पहिला आठवडा होता. धबधब्याला पाणी नव्हतं, नुसता काळा दगड. तिसऱ्या दिवशी बाप शोधत आला. मारलं नाही, रागावलाही नाही. मांजरसुंब्याला आल्यावर कागदात भजी बांधून घेतली आणि पोराच्या हातात दिली. “चल. तुझ्या मायनं दोन दिस चूल पेटवली न्हाई.”

त्या दोन रात्रींत त्रिंबकच्या मनात काय होतं, हे गल्लीलाही माहीत नाही. तिथं चेष्टा थांबते.

एवढं मात्र खरं, की पुढं कॉलेजात चिकटल्यावर त्यांनी एकच व्रत घेतल्यासारखं केलं. कुणाच्या लेकराला गणितापायी कपिलधारला झोपायची पाळी येऊ द्यायची नाही. लोकांना तो धाक वाटे, काहींना अडाणीपणा वाटे. ती माया होती. आणि मायेनं केलेली चूक लवकर सापडत नाही.

दसरा झाला की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात. कुणी कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. टोळी निघायच्या आदल्या दिवशी त्रिंबकरावांच्या दारात रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी. त्यात पोराचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा कागद, आधारची झेरॉक्स, चार फोटो. उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत पाणी शिरतं, उंदीर कुरतडतात, आणि सहा महिने बंद घरावर कुणाचा भरवसा नाही. म्हणून पिशवी त्रिंबकरावांच्या पत्र्याच्या पेटीत. इतक्या वर्षांत त्या पेटीतून एक कागद हरवला नव्हता. फॉर्म निघाला की पिशवी काढायची, काकांनीच भरायचा, काकांनीच सही कुठं करायची ते दाखवायचं. पिशवी दिली म्हणजे पोरगंही दिलं, असाच सगळा व्यवहार.

आणि पुष्कळ पोरं आईबापाबरोबर फडावर जात, ती परीक्षेपुरती परत येत. म्हणून काकांचा नियम सगळ्यांना पटायचा. पाठांतर फडावर होतं, गणित होत नाही. धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन बेडकाचे अवयव म्हणता येतात. गणित अडलं तर विचारायचं कुणाला? यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर कुणी उलट बोललं नाही.

राजश्री बोलली. थोडंसंच.

निवृत्ती आणि सिंधुबाईची ही थोरली लेक. दहावीचं निम्मं वर्ष फडावर काढून गणितात एक्क्याण्णव पाडलेली. अकरावीचा फॉर्म भरायला तिघं आली. निवृत्ती खुर्चीवर बसला, सिंधुबाई उंबऱ्यावर.

“काका, मला गणित ठेवायचंय.”

“कावून?”

“इंजिनिअरिंगला जायचंय.”

त्रिंबकरावांनी टिचकी मारली. “वाच.”

राजश्रीनं काचेवर वाकून वाचलं. इंजिनिअरिंगला गणित बंधनकारक नाही, असा मोठा मथळा आणि खाली चार ओळी. दिल्लीच्या कुठल्याशा परिषदेनं ठरवल्याची बातमी होती.

“पर शाळेतले सर म्हणलते की लागतं...”

“शाळेतल्या सरांच्या आधी कागद माझ्या टेबलावर येतो. दिवाळीच्या आत तू फडावर जाणार. तिथं गणित कोण शिकवणार, बैल?”

“बैलाला इचारलं तर तो बी न्हाई म्हणंल,” निवृत्ती म्हणाला आणि दोघं खो खो हसले. राजश्रीही थोडं हसली. मोठी माणसं हसली की लेकरांना हसावं लागतं.

सिंधुबाई हसल्या नाहीत. “भाऊ, तिचं नुसकान तर न्हाई ना?”

“वहिनी, माझ्या लेकीचं केलं असतं का?” त्रिंबकरावांना लेक नव्हती. पण बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी पेन उचललं आणि भूगोल लिहिलं.

दीड वर्षानं, बारावीच्या जानेवारीत, राजश्री सीईटीचा फॉर्म भरायला पालीला पप्पूच्या ऑनलाइन सेंटरवर गेली. आईबाप कोल्हापूरकडं फडावर होते. ती बोर्डाच्या परीक्षेसाठी मागं राहिली होती, चुलतीकडं. पप्पूनं स्क्रीनवर बोट ठेवलं. “गट कोणता? गणिताचा का बायोलॉजीचा?”

“इंजिनिअरिंगचा.”

“म्हंजे गणिताचा. बारावीला गणित हाय ना?”

“न्हाई.”

पप्पूनं खुर्ची फिरवली. “मग कसलं इंजिनिअरिंग? पात्रतेतच बसंना तू. नर्सिंग बघ, फार्मसी बघ.” तिचा चेहरा पाहून त्यानं पुढची थट्टा गिळली आणि पात्रतेचं पान छापून हातात दिलं.

ते पान घेऊन ती कॉलेजात आली. पान काचेवर ठेवलं, नेमकं कात्रणावर, आणि उभी राहिली. त्रिंबकरावांनी वाचलं. फिजिक्स आणि गणित अनिवार्य. पुन्हा वाचलं. टिचकी मारायला उचललेलं बोट तसंच राहिलं.

“काका, आता काय करायचं?”

त्यांनी काच उचलली आणि कात्रण बाहेर काढलं.

घरी जाऊन त्यांनी पेटी ओढली. वत्सलाबाईंना वाटलं काही हरवलं. ते एक एक पिशवी काढून खाली ठेवत गेले. तळाला जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, कागदांना गंज लागू नये म्हणून. त्यांनीच अंथरलं होतं, कात्रण काढून घेतल्यावर. मधोमध चौकोनी भोक आणि भोकाच्या खाली उरलेल्या ओळी. त्यांनी पेपर उजेडात धरला. निर्णय ऐच्छिक आहे, राज्यांनी आणि विद्यापीठांनी आपले नियम ठेवायला मोकळीक आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ब्लेड फिरवताना त्यांनी पहिल्या चार ओळीच घेतल्या होत्या. काचेखाली तेवढीच जागा होती.

“काय झालं हो?”

“मी पोरीला बुडवलं,” ते म्हणाले. “आणि तिच्या आधी किती, ते मोजता येईना.”

वत्सलाबाईंनी त्या पिशव्या परत भरायला मदत केली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मोजण्यावरून चेष्टा केली नाही.

फोनवर सांगता आलं असतं. त्रिंबकरावांनी रजा टाकली आणि एसटीनं कोल्हापूर गाठलं. तिथून दोन गाड्या बदलून, विचारत विचारत, सकाळी फडावर पोहोचले. थंडीत पाचटावर दव होतं. निवृत्ती कोयता चालवत होता आणि सिंधुबाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडं निघाल्या होत्या. पाव्हणा बघून थांबल्या.

“भाऊ? पोरगी बरी हाय ना?”

“बरी हाय. मोळी खाली ठिवा वहिनी, बोलायचंय.”

“ठिवली तर परत उचलून कोण देतंय? बोला तुमी.”

मग ते तसंच बोलले. बाई डोक्यावर उसाचं ओझं घेऊन उभी, आणि समोर धुवट शर्टातला क्लार्क सांगतोय की गणित लागतं, मी भूगोल लिहिला, आता तिला इंजिनिअरिंगला जाता येत नाही.

“तुमाला ठावं नव्हतं?”

“न्हाई. अर्धंच वाचलं व्हतं.”

“मग आमाला पुरं कसं सांगितलं?”

सिंधुबाई फळीवरून ट्रॉलीत चढल्या, मोळी टाकली, उतरल्या, चुंबळ झटकली.

निवृत्ती तोवर जवळ आला होता. त्याला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं झालं. “जाऊ द्या हो त्रिंबकराव, नशीब एकेकाचं. बारावी तर हुतीय ना? बजरंगनं मागणी घातलीच हाय त्याच्या पोरासाठी.”

बजरंग म्हणजे टोळीचा मुकादम. टोळी माणसं मोजत नाही, कोयते मोजते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा. मुकादमाच्या पोराचाही अर्धाच. म्हणून पुढच्या हंगामाआधी त्याला जोडी हवी होती, आणि राजश्रीला मार्चमध्ये अठरा वर्षं पूर्ण होत होती. पोरीचं असं काही ठरायच्या आत गाठावं म्हणूनच त्रिंबकराव एवढ्या लांब आले होते. मार्ग होता, त्यांनी बोर्डात फोन करून दोनदा विचारून घेतला होता. बायोलॉजी घेऊन पास झालेल्याला पुढच्या वर्षी नुसत्या गणिताची परीक्षा वेगळी देता येते. पण पुढच्या वर्षी. मधलं एक वर्ष पोरगी रिकामी दिसली की ते वर्ष तिचं राहत नाही, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही.

“एक वरीस द्या मला,” ते म्हणाले. “पुरं वाचून आलोय ह्या वेळी.”

“आन् बजरंगला काय सांगू?” निवृत्ती म्हणाला.

सिंधुबाईंनी चुंबळ पुन्हा डोक्यावर बसवली. “सांगा, तिचा एक इषय राहिलाय. खोटं हाय का?” मग त्रिंबकरावांकडं बघून म्हणाल्या, “पर ती घरी नगं. सोयरे घर बघत येत्यात. तुमच्याकडं ठिवा. वत्सलाबाईंच्या डोळ्यांम्होरं.”

“ठेवतो.”

“आन् भाऊ, फॉर्म भरताना पोरगी बोलली, पर तिला कुणी इचारलं न्हाई. तुमी न्हाई, मी बी न्हाई. मी नुसकान इचारलं. तिला काय पायजे ते इचारलंच न्हाई.”

एवढं बोलून त्या पुढच्या मोळीकडं गेल्या.

राजश्रीनं मुकाट्यानं बारावी दिली, भूगोलात नव्वदच्या वर पडले, आणि मे महिन्यात ती दोन ड्रेस आणि अकरावीचं गणिताचं जुनं पुस्तक घेऊन त्रिंबकरावांकडं राहायला आली. गल्लीला विषय मिळाला. कुणी म्हणालं, म्हातारपणी लेक झाली. कुणी म्हणालं, सून पसंत केली. दोन्ही ऐकून वत्सलाबाई तिला शेंगदाणे कुटायला बसवत.

पण शिकवायचं कुणी? कॉलेजात गणिताचे सर नव्हते. दोन वर्षांपूर्वी वर्गात तीनच पोरं उरली, तेव्हा संस्थेनं तास बंद केले होते. ते सर, अर्जुनराव, आता पालीला खत-बियाण्यांचं दुकान चालवत. आणि वर्गात तीनच पोरं का उरली होती, हे त्रिंबकरावांना आजवर सुचलं नव्हतं. राजश्रीला घेऊन दुकानाची पायरी चढताना मात्र एकदम सुचलं.

अर्जुनराव गिऱ्हाईकाला युरियाची गोणी दाखवत होते. “या विषयवाले! काय देऊ? तणनाशक? त्यात तुमचा हात चांगला हाय.”

“सर, एका पोरीला गणित शिकवायचंय.”

“कोणतं गणित? मला तर वाटलं दुष्काळात वाहून गेलं.” दुष्काळात वाहून जातं का, असं गिऱ्हाईकानं विचारलं. अर्जुनरावांनी त्याला गप्प बसवलं. “माझा वर्ग कुणी मोडला त्रिंबक?”

“मी.”

“मोठ्यानं बोल, ह्याला ऐकू आलं न्हाई.”

“मी मोडला सर.”

अर्जुनराव गल्ल्यावर येऊन बसले. हिशेब बाजूला सारला, पाठकोऱ्या कागदावर एक उदाहरण लिहिलं आणि राजश्रीपुढं सरकवलं. तिनं गोणीवर बसून सोडवलं. दोन पायऱ्या चुकल्या, तिसरीवर थांबली, मागं गेली, चूक शोधली, पुन्हा खाली आली. अर्जुनरावांनी चष्मा काढला.

“दोन वर्षं हिला नकाशे रंगवायला लावलेस बे?”

मग ठरलं. रोज पाच ते सात, दुकानातच. अट एकच, त्या वेळात गल्ल्यावर त्रिंबकरावांनी बसायचं. म्हणून वर्षभर पालीच्या लोकांना बघायला मिळालं, की आतल्या बाजूला खताच्या गोण्यांमध्ये मर्यादा आणि कलन चाललंय, आणि बाहेर विषयवाले काका सरकीच्या जागी तुरीचं बियाणं देतायत. आतून राजश्रीचा आवाज यायचा, “थांबा सर, मला करू द्या.” त्रिंबकराव हातातली पिशवी बांधायची थांबवून ऐकत. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय ऐकायलाव?” ते म्हणाले, “काय न्हाई. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.”

ऑक्टोबरात एका विषयाचा फॉर्म आला. आईबाप निघून गेले होते, पिशवी पेटीत होती. ऑफिसात त्यांनी नाव भरलं, आईचं नाव भरलं, जन्मतारीख भरली. विषयाच्या रकान्याशी पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

“विषय?”

“तुमाला माहीत हाय की काका.”

“तू सांग.”

“गणित.”

त्यांनी लिहिलं. नोकरीच्या सव्वीस वर्षांत त्यांनी हा शब्द या रकान्यात इतक्या सावकाश कधी लिहिला नव्हता. काचेखाली आता दोनच गोष्टी होत्या. कात्रणाच्या जागी फिकट चौकोन राहिला होता.

परीक्षेचं केंद्र बीडला आलं. त्रिंबकराव तीन तास फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसून होते. रस काही प्यायले नाहीत. पोरं बाहेर आली, कुणी ओरडत, कुणी रडत. राजश्री सगळ्यांत शेवटी आली. चेहरा पांढरा पडला होता.

“शेवटचा मोठा प्रश्न राहिला काका. वेळच पुरला न्हाई.”

त्रिंबकरावांच्या तोंडून एकदम निघालं, “घरी येणार ना?”

तिला कळलं नाही. “म्हंजे? मग कुठं जाऊ?”

त्रिंबकराव बाकड्यावरून उठले. समोरच्या गाड्यावरून कागदात भजी बांधून घेतली आणि तिच्या हातात दिली. “चल. काकू जेवायची थांबली असंल.”

एसटीत तिनं सगळी भजी खाल्ली आणि पालीच्या आधी, धरणाच्या कडेनं गाडी वळत असताना, झोपून गेली. त्यांनी तिचं डोकं खिडकीवर आदळू नये म्हणून मधे पिशवी धरली.

गणितात एकाहत्तर पडले. एक्क्याण्णवच्या पोरीला एकाहत्तर. सीईटीही मध्यमच गेली. चांगल्या शाखा वरच निघून गेल्या. तिसऱ्या फेरीत संभाजीनगरच्या एका कॉलेजात सिव्हिलला नाव लागलं. अर्जुनराव म्हणाले, दोन वर्षं आधी धरली असती तर हिनं पुण्याचं कॉलेज गाठलं असतं. त्रिंबकरावांच्या तोंडावर म्हणाले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. बजरंगनं आपल्या पोराला वडवणीची मुलगी केली. त्या जूनमध्ये अकरावीच्या सात पोरांनी गणित मागितलं. सात जणांसाठी सर ठेवता येत नाही, असं संस्थेनं कळवलं. ते पत्रही त्रिंबकरावांनाच टाइप करावं लागलं.

ऑगस्टात, कॉलेजात कागद दाखल करायच्या आदल्या दिवशी, राजश्री दारात आली. मागं सिंधुबाई होत्या, पण त्या ओट्यावरच बसल्या.

“काका, माझी पिशवी पायजे.”

त्रिंबकराव लगबगीनं उठले. “मी येतो ना उद्या. तिथली खिडकी, रांग, झेरॉक्सवर सह्या... लई घोळ असतो. कागद मीच...”

“न्हाई काका. मी जाते.”

त्यांनी सिंधुबाईंकडं पाहिलं. सिंधुबाई समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

पेटी उघडली. पिशवी वरच होती. त्यांनी ती पुसली आणि दिली. राजश्रीनं तिथंच जमिनीवर बसून एक एक कागद काढला, पाहिला, लावला. दाखला. जातीचं. उत्पन्नाचं. बारावीच्या दोन गुणपत्रिका, त्यातली एक फक्त एका विषयाची. पिशवीला गाठ मारली, काकांच्या पाया पडली, वत्सलाबाईंच्या पडली, आणि मायलेकी निघाल्या.

त्रिंबकरावांनी पेटीचं झाकण लावलं नाही. बराच वेळ ते आत बघत राहिले. मग आणखी एक पिशवी उचलली, चिठ्ठीवरचं नाव वाचलं. गल्लीतल्या कडूबाईच्या नातीची होती, यंदा अकरावी, उशिरा प्रवेश घेणारी. विषयांचा फॉर्म अजून भरायचा होता.

“पेटी उघडी टाकून कुठं निघालाव?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“इचारून येतो,” म्हणत त्यांनी चप्पल घातली.